छोटा भीम ओळखला, आमदार नाही ओळखले: याचा अर्थ काय लावायचा?

नाशिकमधल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: आठवीच्या वर्गात चित्रं दाखवली, निम्मी कार्टूनमधल्या पात्रांची, निम्मी पुढाऱ्यांची. पात्रं जवळपास सगळ्यांनी झटकन ओळखली. पुढाऱ्यांमध्ये पंतप्रधान आणि एक-दोन मोठी नावं सोडली तर वर्ग गप्प. आपले आमदार, खासदार, नगरसेवक मोजक्याच मुलांना सांगता आले. पालकसभेत हे मांडल्यावर ‘ही पिढी वाया चालली’ असाच सूर लागला. हा निष्कर्ष बरोबर आहे का? आणि हाच उपक्रम शाळेचा प्रकल्प म्हणून नीट करायचा तर कसा करावा?

मॅडम, निष्कर्ष बरोबर नाही. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, पण पालकांनी त्यातून जे काढलं ते त्यात नाही. नाशिक जिल्ह्यात घरोघर जाऊन ज्या पाहण्या होतात, त्यांचं काम मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. साबणाच्या जाहिरातीची पाहणी असो की मतचाचणी, ‘हे चित्र कोणाचं?’ हा प्रश्न कुठेतरी असतोच. त्या कामाच्या जोरावर ठामपणे सांगतो. चित्र ओळखता येणं यातून दोनच गोष्टी कळतात: ते रूप किती ठरावीक आहे आणि ते किती वेळा डोळ्यांसमोरून गेलं आहे. माणसाबद्दलचा आदर त्यातून कळत नाही, त्याच्या कामाची जाण कळत नाही, आणि मूल नागरिक म्हणून कसं घडतंय हे तर मुळीच कळत नाही.

पात्र हे ओळखलं जाण्यासाठीच आखलेलं असतं. डोरेमॉन घ्या: निळा गोल देह, गळ्यात घंटा, कान नाहीत. छोटा भीम म्हणजे उघडं अंग आणि केशरी धोतर. मोटू जाड, पतलू काडीसारखा. या चित्रांचा नुसता काळा आकार कापून दाखवा, मुलं नाव सांगतील. कार्टूनचे चित्रकार पात्र आखताना हीच कसोटी लावतात. आतला सगळा तपशील पुसून फक्त कडा ठेवल्या तरी ओळखू येतो का? नाही आला तर पुन्हा आखायचं. शिवाय पात्राचं वय वाढत नाही, त्याला चष्मा लागत नाही, तो दाढी ठेवत नाही, पक्ष बदलत नाही. छोटा भीम २००८ पासून टीव्हीवर आहे. तेव्हा त्याला बघणारी मुलं आज नोकरीला लागली, तो मात्र ढोलकपुरात होता तसाच आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच सापडतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. त्यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’ या मूकपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. संवाद नाहीत, आवाज नाही, चेहरा एकच. तरी चित्रपट तुफान चालला. प्रेक्षकांनी राम ओळखला तो वेषावरून आणि सीता ओळखली तीही वेषावरूनच. दोन वर्षांनी ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, आणि लोकांना तिच्यात कृष्णच दिसला. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, पाहिला असेल तर तिथेही हेच दिसतं. सोंग आखाड्यात उतरलं की मागच्या रांगेतलं पोर नाव घेतं. मुखवट्याच्या आत गावातला कोण आहे, याची कोणी चौकशी करत नाही. (देवादिकांना मी काल्पनिक म्हणत नाही, तुमच्या प्रकल्पातही म्हणू नका. इथे मुद्दा रूप ठरलेलं असण्याचा आहे.)

आता पुढाऱ्याचा फोटो बघा. खऱ्या माणसाचा चेहरा दर फोटोत वेगळा असतो, आणि अनोळखी चेहऱ्याचे दोन फोटो एकाच माणसाचे आहेत हे ओळखणं आपल्या मेंदूला फार जड जातं. २०११ मध्ये रॉब जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींचे प्रत्येकी २०, असे ४० फोटो मिसळून लोकांच्या हातात दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. त्या व्यक्ती हॉलंडमध्ये प्रसिद्ध होत्या, ब्रिटनमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ब्रिटिश लोकांनी सरासरी सातच्या वर गठ्ठे केले. म्हणजे दोन माणसांची त्यांना सात-आठ माणसं दिसली. ज्यांना ते चेहरे आधीच ठाऊक होते, त्या डच लोकांनी मात्र सहज दोन गठ्ठे लावले.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, आमदारांचा फोटो कुठून घेतलात? उमेदवारी अर्जाचा फोटो बऱ्याचदा जुना असतो. फ्लेक्सवरचा गोरा करून, सुरकुत्या पुसून छापलेला असतो. वर्तमानपत्रातला सत्काराचा असतो, आणि सत्कार म्हटला की फेटा आलाच. फेटा बांधला की कपाळ आणि केस दोन्ही झाकले जातात. चेहऱ्यातलं ओळखू येण्यासारखं अर्धं सामान तिथेच जातं. आम्ही पाहणीत दाखवायचा फोटोचा पत्ता (कार्ड) तयार करताना फेटा, टोपी, गॉगल, मफलर असलेला फोटो बाजूला काढतो. गळ्यातलं पक्षाचं उपरणं कापून टाकतो, नाहीतर लोक उपरण्याचा रंग बघून नाव ठोकतात. मागची भिंत पांढरी करतो आणि सगळे चेहरे एकाच मापात आणतो. तुमच्या वर्गात एका बाजूला ओळखू यावं म्हणूनच घडवलेली चित्रं होती आणि दुसऱ्या बाजूला मिळेल तिथून उचललेले फोटो. ही स्पर्धा सुरू होण्याआधीच संपली होती.

‘पण शहरभर फ्लेक्स लागलेले असतात, मुलं रोज बघतात, मग चेहरा का बसत नाही?’ असं पालक म्हणतील. शालिमारला किंवा द्वारका चौकात उभं राहून एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. वर पक्षाचे मोठे नेते, मध्ये ज्यांचा वाढदिवस ते, खाली शुभेच्छुकांची रांग, एकेक चेहरा तिकिटाएवढा. सगळ्यांचा शर्ट पांढरा, बहुतेकांचे हात जोडलेले. फ्लेक्स आठवडाभरात उतरतो, त्या जागी दुसरा चढतो. मूल रिक्षातून जाताना त्याच्याकडे दोन सेकंद बघतं. त्या दोन सेकंदांत वरचा मोठा चेहरा डोक्यात राहतो, कारण तोच चेहरा शंभर फ्लेक्सवर तसाच आहे. खालचे सगळे मिसळून जातात. तुमच्या वर्गाने मोठे नेते ओळखले आणि स्थानिक नाही, याचं कारण बऱ्याच अंशी इथे आहे.

पुढाऱ्यांनाही पात्रांसारखी पक्की ओळख मिळते, पण ती एका अटीवर: रूप गोठलं पाहिजे. गांधीजींचा गोल चष्मा, काठी आणि पंचा. बाबासाहेबांचा निळा सूट, हातात संविधान, वर उचललेलं बोट. पहिलीतल्या मुलाला नुसता गोल चष्मा दाखवा, ते गांधीजी म्हणेल. याला पिढ्यान् पिढ्यांचे पुतळे, नोटा, पाठ्यपुस्तकं आणि जयंतीच्या प्रतिमा लागल्या. ज्यांच्या वाट्याला अशी ठरलेली प्रतिमा आली नाही, त्यांचं काय होतं हे मी इथे नाशिकात पाहिलं आहे आणि ते मला खरोखर लागतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. मूळ दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात. १९५७ मध्ये नाशिकचे खासदार, नंतर राज्यसभेत. भूमिहीनांसाठी आयुष्य घातलेला माणूस. त्यांचं नाव घेतलं की नाशिककर लगेच म्हणतो, ‘हो, सभागृह आहे की त्यांच्या नावाचं.’ फोटो समोर ठेवला की मात्र बहुतेक घरांत शांतता. नाव सगळ्यांच्या तोंडी, चेहरा कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. आता फोटोच्या पाहणीवरून कोणी म्हणालं की नाशिकला दादासाहेब माहीत नाहीत, तर ते अर्धसत्य होईल. आणि नावावरून म्हणालं की माहीत आहेत, तर तेही अर्धसत्यच. सभागृहापलीकडे त्यांनी काय केलं हे विचारल्यावरच खरं काय ते कळतं.

लोकशाहीला ही अडचण पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. चेहऱ्यावर कोणी भिस्त ठेवली नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आला तो थेट २०१५ मध्ये, नावं सारखी असली तर घोळ होऊ नये म्हणून. हा घोळ फोटो असूनही कसा होतो, ते आपल्या जिल्ह्याने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत पाहिलं. भास्कर भगरे पेशाने शिक्षक, लोकांत ‘भगरे सर’. त्यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतदारसंघात भगरे आडनावाचे एक अपक्ष उभे होते, आणि त्यांचं चिन्ह ‘तुतारी’ या नावाने दिलेलं एक वाद्य होतं. लोकांनी नंतर त्याला पिपाणी म्हटलं. मतदानयंत्रावर दोघांचे फोटो होते. तरी त्या अपक्षाला १ लाखाहून जास्त मतं पडली. भास्कर भगरे सुमारे १ लाख १३ हजारांच्या फरकाने निवडून आले, म्हणून निकाल फिरला नाही. त्याच वर्षी पुढे ते वाद्याचं चिन्ह गोठवण्याची मागणी झाली. ती सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणत नाही. पण अनुभवी, प्रौढ मतदारांच्या बाबतीत आडनाव आणि चिन्ह चेहऱ्यापेक्षा किती जड पडतं, हे त्या आकड्यात दिसतं. मग तेरा वर्षांच्या मुलांकडून फोटोवरून नावाची अपेक्षा आपण कोणत्या हिशेबाने धरतो?

तुमच्या वर्गाबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या पालकसभेत कोणी बोललं नसणार. ‘आपले आमदार कोण?’ या प्रश्नाला नाशिकच्या एका वर्गात एकच बरोबर उत्तर नसतं. पंचवटीतून येणाऱ्या मुलाचा मतदारसंघ नाशिक पूर्व, जुन्या नाशकातल्या मुलीचा नाशिक मध्य, सिडको-सातपूरच्या मुलांचा नाशिक पश्चिम. देवळालीकडून कोणी येत असेल तर चौथा. तुम्ही एकच फोटो दाखवला असेल तर निम्म्या वर्गासाठी तो दुसऱ्यांचा आमदार होता. दुसरी गोष्ट नगरसेवकांची. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. महापौर नाही, नगरसेवक नाही. ज्या वयात मुलाला आजूबाजूचं कळू लागतं, नेमकी ती वर्षं या मुलांनी निवडून आलेल्या महापालिकेशिवाय काढली. वर आपल्याकडे एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात. चौघांपैकी ‘आपला’ कोण, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

आणि खासदार? १९९६ पासून २०१४ पर्यंत जितक्या लोकसभा निवडणुका झाल्या, त्या प्रत्येकीत नाशिकने खासदार बदलला. २०१९ मध्ये हेमंत गोडसे पुन्हा निवडून आले, २०२४ मध्ये राजाभाऊ वाजे आले. मतदारांनी बदल करायचा ठरवला, हा त्यांचा हक्क. पण चेहरा डोक्यात बसायला जो सलग काळ लागतो, तो यात मिळत नाही.

परदेशातही अशा पाहण्या होतात आणि त्यांच्यावरून अशीच हळहळ होते. अमेरिकेत २००६ मध्ये एका संग्रहालयाने केलेली पाहणी खूप गाजली. एका लोकप्रिय कार्टून कुटुंबातल्या पाचही जणांची नावं साधारण २२ टक्के लोकांना सांगता आली, आणि राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतली पाचही स्वातंत्र्यं हजारात एखाद्यालाच. बातमीला हे झकास होतं. मोजमाप म्हणून लंगडं आहे. एका घरातली पाच माणसं आणि कायद्याच्या एका कलमातले पाच तुकडे, दोन्हीकडे आकडा पाच आला म्हणून कठीणपणा सारखा होत नाही.

त्यापेक्षा २००२ मधला केंब्रिजच्या संशोधकांचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यांनी ब्रिटनमधल्या ४ ते ११ वर्षांच्या मुलांना पत्ते दाखवले. काही पत्त्यांवर आसपासचे खरे प्राणी आणि झाडं, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांची मुलं पोकेमॉन ८० टक्क्यांच्या आसपास ओळखत होती, खरे जीव जेमतेम निम्मे. संशोधकांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी म्हटलं, मुलांची जीवजंतू लक्षात ठेवण्याची ताकद अफाट आहे, ती ताकद ज्या गोष्टीवर खर्ची पडावी ती त्यांच्यासमोर येत नाही. तुमच्या वर्गालाही हेच लागू आहे. डझनावारी पात्रं, त्यांचे मित्र, शत्रू, शक्ती हे सगळं जे मूल तोंडपाठ सांगतं, त्याच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. आठ-दहा लोकप्रतिनिधी आणि त्यांची कामं लक्षात ठेवणं त्याला डाव्या हाताचा मळ आहे. ती त्याच्यासमोर कोणी मांडलेली नाहीत, इतकंच.

आता मुख्य गोष्ट. चित्र ओळखणं, नाव आठवणं आणि काम कोणाकडे न्यायचं हे माहीत असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सातपूरच्या एका कामगार वसाहतीतलं घर मला चांगलं आठवतं. आजी ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. आमच्या पाहणीतल्या मुलीने त्यांच्या भागातल्या माजी नगरसेवकाच्या फोटोचा पत्ता दाखवला. आजींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. ‘नाही बाई, कोण हे?’ फॉर्मवर ‘ओळखले नाही’ अशी खूण झाली. पुढचा प्रश्न होता, ड्रेनेज तुंबलं तर कोणाला सांगता? आजी म्हणाल्या, ‘आप्पांच्या धाकट्याला. सकाळी आठच्या आत मारुतीपाशी असतो तो. तिथंच गाठायचं, फोन लावत बसायचं नाही. मागच्या पावसाळ्यात त्यानंच उभं राहून चेंबर काढलं.’ तो आप्पांचा धाकटा म्हणजे त्या पत्त्यावरचाच माणूस. फोटोत तो कोट घालून, केस रंगवून बसला होता. नागरिकशास्त्राचा पेपर काढला तर त्या आजींना मी पैकीच्या पैकी देईन. प्रतिनिधी कोण, तो कुठे भेटतो, कोणतं काम त्याचं, आणि त्याने ते केलं की नाही, सगळं त्यांना माहीत होतं. फक्त आमच्या पत्त्यावरचा फोटो माहीत नव्हता.

उलट प्रकारही तितकाच सापडतो, आणि काळजी करायचीच तर मी त्याची करेन. गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये पत्ते दाखवले की लोक भराभर ओळखतात. मंत्री, त्यांचे विरोधक, दिल्लीतले, मुंबईतले, सगळे. मग विचारावं, सिटीलिंक बस कोण चालवतं? बरेच जण एसटी महामंडळ म्हणतात. ती महापालिकेची सेवा आहे, २०२१ पासून. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावरच्या खड्ड्यासाठी नगरसेवकाला शिव्या घालणारे भेटतात, तो महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत आहे. रोज टीव्हीवर दिसणारा पुढारी त्यांनी पात्रासारखाच ओळखला आहे: आवाज, लकब, गाजलेलं वाक्य. त्याच्या हातात कोणते अधिकार आहेत, हे त्यांना विचारावंसंही वाटत नाही. राजकारणी चेहऱ्याची ओळख जेव्हा कार्टूनच्या ओळखीसारखी होते, तेव्हा लोक त्याच्याकडून कामाऐवजी पुढच्या भागाची वाट बघू लागतात. तुमच्या पालकसभेला हे जरूर ऐकवा.

प्रकल्प करायचा तर असा करा. सगळ्यात आधी हात वर करून उत्तरं घेणं बंद. एका हुशार मुलाने नाव पुटपुटलं की वर्गाची टक्केवारी चढते. प्रत्येकाला कोरा कागद, चित्र एक-एक करून, आणि अर्ध्या वर्गाला क्रम उलटा. पात्रं आणि पुढारी एकाआड एक दाखवा. आधी सगळी पात्रं दाखवली तर मुलं खेळाच्या मनःस्थितीत जातात आणि नंतरचे फोटो त्यांना परीक्षा वाटते.

पत्त्यांमध्ये एक चेहरा असा घाला जो कोणाचाच नाही, आणि नावांच्या यादीत एक नाव असं घाला जे तुम्ही बनवलेलं आहे. त्या बनावट नावापुढे किती जण ‘माहीत आहे’ लिहितात ते मोजा. आमच्या प्रत्येक पाहणीत असे लोक निघतात, अगदी शिकलेलेही. तेवढी फुशारकी बाकीच्या उत्तरांतही आहे असं धरून चालावं लागतं. ही युक्ती मुलांना आधी सांगू नका, नंतर मात्र नक्की समजावून सांगा. आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, याचा तो उत्तम धडा होतो.

दुसरा कागद जुळवाजुळवीचा ठेवा. १९९१ मध्ये अमेरिकेत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना जाहिरातींची चिन्हं देऊन ती फलकावरच्या वस्तूंशी जुळवायला सांगितली होती. सिगारेटच्या जाहिरातीतला कार्टून उंट सहा वर्षांच्या सुमारे ९१ टक्के मुलांनी सिगारेटशी जुळवला, जवळपास मिकी माऊसइतकाच बिनचूक. त्या मुलांना सिगारेटशी काही देणंघेणं नव्हतं, उंट तेवढा सतत समोर येत होता. मला त्यातली पद्धत आवडते. नाव आठवायची सक्ती नाही, संबंध लावायचा. तुम्ही एका बाजूला पदं लिहा: नगरसेवक, महापौर, आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, पालकमंत्री. दुसऱ्या बाजूला कामं: नळाला पाणी न येणं, रस्त्यावरचा दिवा, गावातला शिवरस्ता, शाळेच्या खोल्या, नाशिकरोडला गाडीचा थांबा, कायद्यात बदल. रेघा ओढायला सांगा. काही कामांना दोन रेघा बरोबर असतील, त्यावर वर्गात भांडण होऊ द्या. त्या भांडणात नागरिकशास्त्राचे चार धडे होऊन जातात.

उत्तरं तपासताना सैल राहा. ‘सीएम’ लिहिलं तर पद ओळखलं, नाव नाही, असा वेगळा रकाना करा. अभिनेते-पुढारी असतील तर आधीच नियम ठरवा. डॉ. अमोल कोल्हे यांनी छोट्या पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारले आणि २०१९ मध्ये ते शिरूरचे खासदार झाले. त्यांच्या फोटोखाली कोणी ‘संभाजी महाराज’ लिहिलं तर त्याला चूक म्हणायचं का? मी म्हणत नाही. ‘भूमिकेवरून ओळख’ असा रकाना ठेवतो. हा रकाना भरला तर मुलांशी बोलायला फार चांगला विषय मिळतो. भूमिकेतून आलेली ओळख मतपेटीपर्यंत पोचल्याचं दूरदर्शनच्या ‘रामायण’नंतरही दिसलं होतं. सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी, दोघेही १९९१ मध्ये गुजरातमधून लोकसभेवर निवडून गेले. राम आणि रावणाच्या लढाईत जो हरला, त्याचा नटही जिंकला. लोकांनी मत दिलं ते परिचयाला.

तोच कागद पालकांनाही द्या, आणि त्यांच्यासाठी पात्रं त्यांच्या लहानपणची घ्या. चिंटू १९९१ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाला. आज आठवीत मूल असलेल्या बहुतेक पालकांना तो लगेच आठवेल. मग त्यांना विचारा, तुम्ही आठवीत असताना नाशिकचे खासदार कोण होते? मुलांचे आणि पालकांचे आकडे एकाच तक्त्यात मांडा, शेजारी-शेजारी.

वेळ मात्र जपून निवडा. गणेशोत्सवाच्या आगेमागे किंवा निवडणुकीच्या तोंडावर हे करू नका, त्या दिवसांत फ्लेक्स एवढे वाढतात की आकडे महिनाभर फुगलेले असतात. कोणता पुढारी आवडतो, हा प्रश्न कागदावर कुठेही येऊ देऊ नका. शाळेत तो विचारणं योग्य नाही, आणि एकदा विचारला की पालक बाकीचा प्रकल्प विसरून त्यावरच बोलतील. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. तक्त्यात पुढाऱ्यांची नावं न छापता ‘स्थानिक’, ‘राज्य’, ‘राष्ट्रीय’ असे गट करा, म्हणजे तक्त्याचा फोटो काढून कोणी व्हॉट्सअॅपवर कोणाच्या विरोधात फिरवणार नाही. आणि फोटो निवडताना प्रत्येक मुलाचा मतदारसंघ आधी विचारून घ्या. घरचा पत्ता विचारला की पुरतं, मतदारयादी लागत नाही.